तिसऱ्या गिअरमध्ये

लोहामंडीच्या मागच्या गल्लीत रईस उस्तादांनी
माझ्या पिकअपच्या धुरांड्यापुढे तळहात धरला,
झोपलेल्या तान्ह्याच्या नाकापुढे आई धरते तसा.
म्हणाले, "तांबवेकर साब, सांस आधी ही आ रही है."

मी विचारायला आलो होतो, इंजिनच बदलू का.
खिशात बावीस हजार, दोन घड्या वेगवेगळ्या,
आणि सोबत भाचा शार्दूल,
ज्याच्या मोबाइलमध्ये परदेशी पिकअप वाळूवरून उडतात.

त्याला हवा होता सरळ पाइप. आरपार.
आत जाळी नाही, लोकर नाही, लाज नाही.
"मामा, राजवाड्यावर स्टार्ट मारली
तर पळसीकर कॉलनीत ऐकू जाईल!"
पळसीकर कॉलनीत तुझी मामी राहते, म्हटलं,
तिला न ऐकू आलेलंच बरं.

काउंटरवर वर्तमानपत्र पसरून एकेक वस्तू आली.
चिपची काळी डबी: इंजिनाच्या कानात सांगते
की अजून तू पंचविशीतच आहेस.
उस्तादांनी ती बोटानेच परत सरकवली.
"खोटं ऐकून चार महिने पळेल,
पाचव्यात हेड गॅस्केट खरं बोलेल."

मग पाइप. अडीच इंची, तीन इंची.
माझी नजर तीनवरून हलेना;
पैसे मोजताना माणसाला जाड वस्तूच दिसते.
उस्ताद म्हणाले, "रुंद नळीत धूर रेंगाळतो,
खालच्या गिअरला दम राहत नाही.
आवाज पाहिजे का ओढ?"

ओढ. हा शब्द त्यांनी मराठीतच टाकला.
चाळीस वर्षं आमच्या लोकांच्या गाड्या करून राहिलेत.

जुना सायलेन्सर कापला,
तर आत सात वर्षांची काजळी, ओली, गच्च,
आणि टर्बोच्या नळीला बोटभर चीर.
चढावर तिच्यातूनच शिट्टी वाजायची,
आणि मी समजत होतो, गाडीचा स्वभाव आहे.

ठरलं ते एवढंच:
अडीच इंची, नवी नळी, इंजेक्टरांची आंघोळ,
एअर फिल्टर कंपनीचाच.
शार्दूलचं तोंड उतरलं, म्हणून पाइपच्या टोकाला
स्टीलचं चकचकीत तोंड बसवलं.
चारशे रुपयांत समेट.

सनावदला केळी भरली. पावणेदोन टन.
पहाटे तीनला चोरल मागे पडलं, घाट लागला.

इथे काय व्हायचं ते पाठ होतं मला.
दुसरा गिअर, मग पहिला, मग काटा लाल,
मग वळणावर भेरूलालची टपरी,
तो बादली घेऊन उभाच.
फडक्याने झाकण, वाफ, शिव्या, कट चहा दोन,
त्याच्या मुलीची बारावी, माझा गुडघा.

या खेपेला तिसऱ्यातच चढली.
काटा जागचा हलला नाही.
मी काहीतरी ओरडलो, ऐकायला फक्त केळी होती.
वळण आलं. गेलं.
आरशात भेरूलाल:
एका हातात बादली, दुसरा अर्धवट वर,
ओळखावं की नाही या बेतात.
आवाजच नवा होता ना.

चोइथराम मंडीत लिलावाआधी पोचलो,
चार पैसे जास्त सुटले, खोटं कशाला बोलू.

परवा रिकामी गाडी घेऊन घाट उतरताना
टपरीसमोर ब्रेक लावला.
उतारावर. डाल्यात फक्त दोरखंड आणि ताडपत्री.
"तापलीये रे," म्हटलं.

भेरूलालने बोनेटवर पंजा ठेवला.
बराच वेळ ठेवला.
मग मागे वळून बादली उचलली.

रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला होता.
पाणी बंपरवरून चाकाशी सांडत राहिलं,
तो ओतत राहिला,
मी झाकण धरून उभा.